पूल उठायच्या आत घरी

वाचक विचारतात : सेंट पीटर्सबर्गची सहल

सेंट पीटर्सबर्गला जाण्याबद्दल आलेल्या प्रश्नांना या अंकात एकत्र उत्तरं देत आहोत. मिळतेजुळते प्रश्न एकात एक घातले आहेत. या शहरात काय काय पाहायचं याची यादी कुठेही मिळते. लोक फसतात ते वार आणि वेळ न पाहिल्यामुळे, म्हणून खालच्या उत्तरांत घड्याळ आणि कॅलेंडर जरा जास्तच डोकावेल.

प्रश्न : आम्ही चौघं आहोत, त्यात सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. कोणत्या महिन्यात जावं आणि किती दिवस ठेवावेत?

उत्तर : शहरासाठी चार आणि बाहेरच्या पीटरहोफ आणि त्सारस्कोये सेलो या दोन राजवाड्यांसाठी दोन, असे सहा दिवस ठेवा. पाचात बसवता येतं, पण मग ज्येष्ठांची दमछाक होते.

महिन्याचं म्हणाल तर सगळ्यांना जून हवा असतो. शहर जवळजवळ 60 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 21 जूनच्या सुमारास सूर्य जवळपास 19 तास आकाशात असतो आणि मावळल्यावरही पुरता काळोख होत नाही. याच त्या प्रसिद्ध ‘शुभ्र रात्री’. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत त्या अनुभवता येतात. पण याच काळात हॉटेलांचे दर चढलेले असतात आणि रांगाही सर्वांत लांब असतात. जूनच्या शेवटी शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी ‘आल्ये पारुसा’, म्हणजे लाल शिडांचा, उत्सव असतो. त्या रात्री नेवा नदीकाठचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि टॅक्सी मिळणं दुरापास्त होतं. ज्येष्ठ सोबत असतील तर मेचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आम्ही सुचवू. पीटरहोफची कारंजी चालू असतात, हवा बरी असते आणि रात्री झोपही लागते. जूनमध्येच जायचं ठरलं तर डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्या, कारण हॉटेलचे पडदे जाड असतीलच असं नाही. वाऱ्यापावसाचं जाकीट उन्हाळ्यातही हवंच.

हॉटेल निवडताना दोन गोष्टी विचारा. पहिली, लिफ्ट आहे का? मध्यभागातली पुष्कळशी ‘मिनी हॉटेलं’ जुन्या इमारतींच्या एकेका मजल्यावर थाटलेली असतात. मजल्यांची उंची भरपूर, त्यामुळे चौथा मजला गुडघ्यांना सहाव्यासारखा लागतो. दुसरी, हॉटेल नदीच्या कोणत्या काठावर आहे? नेव्हस्की प्रॉस्पेक्ट या मुख्य रस्त्याच्या आसपास, मोइका आणि फोंतान्का या दोन प्रवाहांच्या मधला पट्टा सर्वांत सोयीचा. कारण खाली पुलांच्या उत्तरात येईल.

मेट्रो सुंदर आहे, पण फार खोल. आद्मिरालतेय्स्काया स्थानक 86 मीटर खाली आहे आणि नुसते सरकते जिने उतरायलाच तीन-चार मिनिटं जातात. जिने वेगाने चालतात, पहिलं पाऊल टाकताना ज्येष्ठांचा हात धरा. जुन्या स्थानकांत लिफ्ट सहसा नसते आणि रस्ता ओलांडायच्या भुयारांना पायऱ्या असतात. सासू-सासऱ्यांना घेऊन नेव्हस्कीवर फिरायचं तर बस किंवा ट्रॉलीबस बरी. मात्र आव्तोवो स्थानकाचे काचेने मढवलेले खांब पाहायला एकदा तरी खाली उतरा. ते 1955 साली उघडलेल्या पहिल्याच मार्गावर आहे.

प्रश्न : ई-व्हिसा पुरतो का? आणि ‘रजिस्ट्रेशन’ म्हणजे नेमकं काय?

उत्तर : पुरतो. भारतीय पासपोर्टधारकांना रशियाचा ई-व्हिसा 2023च्या ऑगस्टपासून मिळतो. 2025च्या ऑगस्टपासून त्याची वैधता 120 दिवस आणि मुक्काम 30 दिवसांपर्यंत, प्रवेश एकदाच. नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी रशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा खात्री करा. त्यासारख्याच दिसणाऱ्या, दुप्पट पैसे उकळणाऱ्या मध्यस्थांच्या साइट पुष्कळ आहेत.

अडचणी बहुधा तीन ठिकाणी येतात. नाव पासपोर्टाच्या तळाशी असलेल्या यंत्रवाचनाच्या ओळींप्रमाणेच भरा. वडिलांचं नाव पासपोर्टात एका रकान्यात आणि अर्जात दुसऱ्या रकान्यात गेलं की सीमेवर अडवणूक होऊ शकते. मुक्कामाचे दिवस मोजताना उतरलेला दिवस पहिला धरा, 24 तासांचे हिशेब करू नका. आणि हा व्हिसा ठरलेल्या सीमाचौक्यांवरच चालतो. पीटर्सबर्गचं पुल्कोवो विमानतळ आणि मॉस्कोचे मोठे विमानतळ त्यात आहेत, पण वाकडी वाट करून येणार असाल तर यादी तपासा. संपूर्ण रशियात चालणारा आरोग्यविमा मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी हवा. मंजुरीचा कागद छापून जवळ ठेवा.

रजिस्ट्रेशन म्हणजे तुम्ही कुठे राहता याची सरकारदरबारी नोंद. ती सात कामकाजाच्या दिवसांत व्हावी लागते. हॉटेल ती आपणहून करतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणार असाल तर ती घरमालकाची जबाबदारी असते आणि पुष्कळ मालक टाळाटाळ करतात. बुकिंगपूर्वीच लेखी विचारून घ्या. सीमेवर मिळणारं मायग्रेशन कार्ड पासपोर्टातच ठेवा, ते परतताना मागतात.

प्रश्न : आमची कार्डं तिथे चालतील का?

उत्तर : नाही. रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे 2022च्या मार्चपासून चालत नाहीत, ना दुकानात ना एटीएममध्ये. रुपे कार्डावरही विसंबू नका आणि रुपये बदलून मिळतील या भरवशावर जाऊ नका.

म्हणजे रोकड. डॉलर किंवा युरो घ्या. शंभर डॉलरच्या नोटा 2013 नंतरच्या, निळ्या पट्टीच्या घ्या. घडी फाटलेली, शिक्का मारलेली, पेनाने आकडा लिहिलेली नोट खिडकीवरून परत येऊ शकते. विमानतळावर फक्त पहिल्या दिवसापुरते रूबल घ्या, बाकीचे शहरातल्या बँकेत बदला. पासपोर्ट लागतो. शनिवार-रविवारी बऱ्याच शाखा बंद असतात, म्हणून शुक्रवारीच हिशेब करून ठेवा.

राहिला प्रश्न आगाऊ बुकिंगचा. हॉटेलचं ‘तिथे पोहोचल्यावर रोख’ या अटीवर करता येतं. यांदेक्स या तिथल्या ॲपची टॅक्सी रोख घेते, पण चालकाकडे सुटे असतीलच असं नाही, लहान नोटा ठेवा. मॉस्कोहून येणारी सापसान ही वेगवान गाडी साधारण चार तासांत पोहोचते. रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर तुमचं कार्ड चालणार नाही, तेव्हा परदेशी कार्ड घेणाऱ्या एखाद्या एजन्सीकडून किंवा स्थानकावर रोखीने तिकीट काढा. तिकिटावर पासपोर्टचा क्रमांक असतो आणि डब्याच्या दारात तो पडताळला जातो.

प्रश्न : फोनवरचा नकाशा तिथे भलतीकडे दाखवतो असं ऐकलं. खरं का?

उत्तर : खरं आहे. ड्रोनच्या धास्तीमुळे शहराच्या मध्यभागात जीपीएसमध्ये अडथळे आणले जातात. तुम्ही नेव्हस्कीवर उभे असता आणि निळा ठिपका विमानतळावर उडी मारतो. मोबाइल इंटरनेटही अधूनमधून बंद ठेवतात. उपाय जुनाच आहे. नकाशा आधीच डाउनलोड करा आणि रस्त्याचं नाव व घराचा क्रमांक वाचत चला. टॅक्सी बोलावताना नकाशावरची टाचणी तशीच ठेवू नका, पत्ता टाइप करा. नाहीतर गाडी तीन गल्ल्या पलीकडे जाऊन थांबते आणि वाट पाहण्याचे पैसे सुरू होतात. हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवा. विमानतळही काही वेळा तासन्‌तास थांबवतात, त्यामुळे पुढचं जोडविमान घट्ट वेळेचं घेऊ नका. पुल्कोवोहून मोस्कोव्स्काया मेट्रो स्थानकापर्यंत 39 क्रमांकाची बस जाते.

प्रश्न : सोमवारी पोहोचतो, शुक्रवारी निघतो. पाच दिवस कसे लावावेत?

उत्तर : तुमचे पहिले तीनही दिवस काही ना काही बंद असण्याचे आहेत, म्हणून क्रम नीट लावा. सोमवारी हर्मिटेज (हिवाळी राजवाड्यातलं मोठं कलासंग्रहालय) बंद आणि पीटरहोफचा मोठा राजवाडाही बंद. मंगळवारी रशियन म्युझियम बंद, त्सारस्कोये सेलोमधला कॅथरीन राजवाडाही बंद. बुधवारी सेंट आयझॅक कॅथीड्रल आणि रक्तावरच्या तारणहाराचं चर्च ही दोन्ही संग्रहालयं बंद. शिवाय बऱ्याच ठिकाणी महिन्यातला एक दिवस साफसफाईसाठी असतो. पीटरहोफच्या राजवाड्याचा शेवटचा मंगळवार, कॅथरीन राजवाड्याचा शेवटचा सोमवार.

म्हणून असं करा. सोमवारी पायी शहर : नेव्हस्की, कझान कॅथीड्रल (प्रवेश मोफत, नेपोलियनशी लढलेला सेनापती कुतुझोव याची समाधी आत आहे), नेवाकाठ. मंगळवारी हर्मिटेज. बुधवारी त्सारस्कोये सेलो. गुरुवारी सकाळी दोन्ही चर्चं आणि संध्याकाळी रशियन म्युझियम, गुरुवारी ते रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. शुक्रवारी विमान रात्रीचं असेल तर सकाळी पीटरहोफ.

चर्चांबद्दल थोडं. सेंट आयझॅक 1818 ते 1858 अशी चाळीस वर्षं बांधलं गेलं. आतल्या भागाचं तिकीट वेगळं आणि वरच्या सज्जाचं वेगळं. सज्जाला 262 पायऱ्या, गोल जिना. एकदा चढू लागलं की मध्येच माघारी फिरता येत नाही, कारण उतरायचा जिना दुसरा आहे. रंगीबेरंगी कांद्याच्या आकाराचे घुमट असलेलं ‘रक्तावरचं’ चर्च 1881 साली झार अलेक्झांडर दुसरा याच्यावर बॉम्ब पडला त्याच जागी उभं आहे. आतल्या भिंती 7000 चौरस मीटरहून अधिक मोझेइकने मढवलेल्या आहेत. तिथे लहान दुर्बीण न्या. लोक मान वर करून दहा मिनिटांत बाहेर पडतात आणि वरचं काहीच पाहत नाहीत.

प्रश्न : हर्मिटेज एका दिवसात पाहून होतं का?

उत्तर : होत नाही, आणि तसा हट्टही धरू नका. चार तास शांतपणे पाहा, मग बाहेर पडा.

1764 साली कॅथरीन द ग्रेटने चित्रांचा मोठा संग्रह विकत घेतला तिथून हे संग्रहालय सुरू झालं आणि 1852 साली लोकांसाठी उघडलं. आज साडेतीनशेहून अधिक दालनं आहेत. तिकिटावर वेळेचा टप्पा असतो. ते आधी काढा, हंगामात खिडकीवर मिळेल ही आशा धरू नका. ऑनलाइन पैसे भरायला कार्डाची अडचण येते, म्हणून हॉटेलच्या स्वागतकक्षाला रोख देऊन तिकीट काढून देता का विचारा. मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही. कोट आणि सामान ‘गार्देरोब’ला द्यावं लागतं. बिल्ला हरवला तर सगळ्यांचे कोट संपेपर्यंत तिष्ठत बसावं लागतं.

सर्वांत मोठी गफलत मजल्यांची. रशियात पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. नकाशात ‘दुसरा मजला’ लिहिलं असेल तर एकच जिना चढायचा.

वाट अशी धरा. जॉर्डन जिन्याने वर या. फील्ड मार्शलांचं दालन, मग पीटरचं छोटं सिंहासन-दालन, पुढे 1812च्या युद्धाची गॅलरी. नेपोलियनशी लढलेल्या 332 सेनानींची चित्रं इथे आहेत आणि तेरा चौकटींत चेहऱ्याऐवजी नुसतं हिरवं रेशीम. ज्यांचं चित्र काढता आलं नाही त्यांची फक्त नावं खाली. याच्यापुढे गर्दी भराभर निघून जाते, तुम्ही थांबा. नंतर सेंट जॉर्ज दालन, मग पॅव्हिलियन दालनातलं सोन्याच्या मोराचं घड्याळ. ते कायम चालू नसतं, शेजारच्या पडद्यावर मोर पिसारा फुलवताना दिसतो. 214 क्रमांकाच्या दालनात लिओनार्दोच्या दोन मदोना. इथे नेहमी कोंडाळं असतं, म्हणून उघडताच सरळ इथे येऊन मग मागे फिरणं हाही चांगला डाव. 227 मध्ये राफाएलची लॉजिया (चित्रांनी मढवलेला लांब सज्जा), 254 मध्ये रेम्ब्रांटचा ‘उधळ्या पुत्राचं परतणं’. शेजारच्या त्याच्याच ‘दनाए’ या चित्रावर 1985 साली एकाने आम्ल फेकलं होतं. डागडुजीला बारा वर्षं लागली.

मोने, सेझान, मातिस शोधत राजवाड्यात भटकू नका, ते तिथे नाहीत. चौकापलीकडच्या जनरल स्टाफ इमारतीत, तिथल्या चौथ्या मजल्यावर (आपल्या तिसऱ्या) आहेत. ज्यांना जुन्या चित्रांचा कंटाळा येतो त्यांनी मुख्य राजवाडा दोन तासांत आटपून इथे यावं. गर्दी निम्मीही नसते.

मुलं विचारतीलच, म्हणून सांगून ठेवतो : हर्मिटेजच्या तळघरात मांजरं खरंच आहेत. 1745 साली सम्राज्ञी एलिझाबेथने उंदीर मारायला कझानहून बोके मागवले, तेव्हापासूनचं हे खातं.

प्रश्न : नेवावरचे पूल रात्री उघडतात ते पाहायचं आहे. अडकून पडू नये म्हणून काय करावं?

उत्तर : एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत, लादोगा सरोवराकडे जाणाऱ्या मालवाहू बोटींसाठी हे पूल रात्री उचलतात. तो देखावा पर्यटकांसाठी मांडलेला नाही, त्यामुळे तुमच्यासाठी कोणी थांबतही नाही. राजवाड्याजवळचा ड्वोर्त्सोव्ही पूल रात्री साधारण एक वाजून दहा मिनिटांनी उठतो. त्रोइत्स्की त्यानंतर थोड्या वेळाने, लितेय्नी सुमारे पावणेदोनला. पहाटे पाचच्या आसपास सगळे पुन्हा खाली येतात. मध्ये काही पूल थोड्या वेळापुरते जोडले जातात, पण त्यावर बेत आखू नका. त्या आठवड्याचं वेळापत्रक हॉटेलात विचारून घ्या.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. म्हणजे पूल पाहायला थांबलात की मेट्रो गेलेलीच असते. तुमचं हॉटेल नदीपलीकडच्या वासिल्येव्स्की बेटावर किंवा पेत्रोग्राद भागात असेल आणि तुम्ही हर्मिटेजच्या काठावर उभे असाल, तर परतीची साधी वाट तुमच्या डोळ्यांदेखत आकाशात गेली. टॅक्सीला मग न उचलल्या जाणाऱ्या टोल-महामार्गाच्या पुलावरून मोठा वळसा घालावा लागतो आणि त्या वेळी मागणीमुळे दर चढलेले असतात. हॉटेल दक्षिणेच्या काठावर घ्या म्हटलं ते यासाठीच. विमानतळही याच बाजूला आहे, पहाटेचं विमान पुलामुळे चुकत नाही.

पाहायला हर्मिटेजच्याच काठावर बारा चाळीसपर्यंत पोहोचा. उठलेल्या दोन पाखांच्या मधोमध पीटर-पॉल किल्ल्याचा सोनेरी मनोरा येईल अशी जागा धरा. बोटीतून पाहायचं असेल तर तिकीट घेताना एकच प्रश्न विचारा : बोट जिथून सुटते तिथेच परत लावणार का?

प्रश्न : पीटरहोफ की त्सारस्कोये सेलो? एकच जमेल.

उत्तर : कारंजी चालू असतील तर पीटरहोफ. ऑक्टोबरच्या मध्यानंतर एप्रिलअखेरपर्यंत त्सारस्कोये सेलो.

पीटरहोफमध्ये राजवाड्यापेक्षा पाण्याची करामत मोठी आहे. कारंज्यांना पंप नाहीत. 1721 साली वासिली तुवोल्कोव या अभियंत्याने सुमारे वीस किलोमीटरवरच्या रोपशाच्या उंचवट्यावरून कालवा आणला. पाणी वरच्या तलावांत साठतं आणि फक्त उताराच्या जोरावर उसळतं. मधल्या सॅमसनच्या पुतळ्याचा फवारा वीस मीटर उंच जातो तो याच जोरावर. संध्याकाळी कारंजी बंद होतात, रात्रीत तलाव पुन्हा भरतात. मुख्य धबधबा सकाळी अकराला संगीताच्या साथीने सुरू होतो, साडेदहाला जागा धरा. आजचा सॅमसन 1947चा आहे, मूळचा युद्धात नाहीसा झाला.

खालच्या बागेचं तिकीट एकाच प्रवेशाचं. जेवायला बाहेर पडलात की पुन्हा तिकीट. राजवाड्याचं वेगळं. वरची बाग मोफत. लपलेल्या ‘चेष्टेखोर’ कारंज्यांमध्ये मुलं भिजणार हे गृहीत धरून कपडे न्या. जाताना हर्मिटेजसमोरून जलपंखी ‘मेटिऑर’ बोट घ्या, पाऊण तासाच्या आत पोहोचते, पण आखातात वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीचं तिकीट आधी काढू नका. येताना आव्तोवो मेट्रोकडे जाणारी बस, किंवा नोव्ही पीटरहोफ स्थानकाहून बाल्टिक स्थानकाकडे लोकल.

त्सारस्कोये सेलोचं गाव नकाशात ‘पुश्किन’ नावाने दिसेल, गोंधळू नका. वितेब्स्क स्थानकाहून लोकलने अर्धा तास. अंबर या पिवळसर राळेने मढवलेला अंबर कक्ष हे तिथलं आकर्षण. मूळ कक्ष जर्मन सैन्याने 1941 साली उचकटून नेला, आजचा 2003 साली पुरा झालेला आहे. उन्हाळ्यात गटांना आधी सोडतात, म्हणून वेळेचं तिकीट आधीच काढा.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी. अंडंही चालत नाही. उपाशी राहावं लागेल का?

उत्तर : उपाशी नाही, पण गाफील राहिलात तर फसाल. रशियात ‘मांस’ हा शब्द पुष्कळांच्या लेखी गाय-डुकरापुरताच. कोंबडी आणि मासा वेगळे. म्हणून नुसतं ‘बेझ म्यासा’ म्हणू नका. ‘बेझ म्यासा, बेझ कूरित्सी, बेझ रीबी’ अशी तिन्ही नावं घ्या आणि अंड्यासाठी ‘बेझ याईत्स’ जोडा. पीटर्सबर्गकर कोंबडीला ‘कूरा’ म्हणतात. शहराचा हा खास शब्द फलकावर दिसला की लांब राहा.

सर्वांत उपयोगी शब्द आहे ‘पोस्त्नोये’, म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरआधीचे सात आठवडे मांस, दूध, अंडं वर्ज्य करतात आणि त्या काळात पुष्कळ उपाहारगृहं वेगळं ‘पोस्त्नोये मेन्यू’ छापतात. त्यांच्या 7 जानेवारीच्या नाताळाआधीही, 28 नोव्हेंबर ते 6 जानेवारी, असाच उपास असतो. इतर दिवसांतही ‘पोस्त्नोये येस्त?’ असं विचारलं की वाढपी लगेच समजतो, ‘व्हेगन’ म्हटल्यापेक्षा जास्त. उपासाच्या काही दिवशी मासा चालतो, तेवढं विचारून घ्या.

आता सापळे. बोर्श्त हे सूप बिटाचं असलं तरी बहुधा मांसाच्या पाण्यात शिजतं. मशरूमच्या सूपलाही तोच धोका, विचारायचा शब्द ‘बुल्योन’. ‘शूबा’ नावाचं गुलाबी सॅलड बिटाचं दिसतं, पण तळाशी खारवलेला हेरिंग मासा असतो. ऑलिव्हिए सॅलडमध्ये सॉसेज. बिटाचंच पण बिनमाशाचं हवं असेल तर ‘विनेग्रेत’ मागा : बीट, बटाटा, गाजर, खारवलेली काकडी, आंबवलेला कोबी आणि तेल. बटाट्याचे वारेनिकी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, छान लागतात, पण वरून तळलेल्या चरबीचे तुकडे घालतात, ‘बेझ श्क्वारोक’ सांगा. वारेनिकीच्या पारीत, ब्लिनीत (पातळ धिरडी), सीर्निकीत (पनीरच्या टिक्क्या) आणि द्रानिकीत (बटाट्याची धिरडी) अंडं असतं किंवा असू शकतं. कोबी भरलेल्या पिरोज्की या छोट्या पावांतही बरेचदा उकडलेलं अंडं कुसकरतात. जेलीसारख्या गोडात जिलेटिन. आणि सगळ्यावर शेपू. न आवडणाऱ्यांनी ‘बेझ उक्रोपा’ म्हणावं, ऐकतीलच असं नाही.

पोटभर आणि निर्धोक : ग्रेच्का, म्हणजे कुट्टूचा मोकळा भात, परतलेल्या मशरूमबरोबर. भाजलेला बटाटा. राय ब्रेड. आंबवलेला कोबी. याउपर जॉर्जियन उपाहारगृहं, ती शहरभर आहेत. राजम्याचं लोबिओ, अक्रोडाचं वाटण भरलेल्या वांग्याच्या गुंडाळ्या, पालकाची प्खाली (अक्रोड घालून वाटलेली), मशरूमची खिन्काली (मोदकासारखी). अंडं नको असेल तर होडीच्या आकाराची खाचापुरी (चीजची रोटी) टाळा, मधोमध पिवळा बलक असतो. गोल इमेरेती खाचापुरीतही पिठात अंडं आहे का विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यावी. ग्रेच्का, भाज्या, दही सगळं किराणा दुकानात मिळतं.

प्रश्न : आम्हाला सगळं चालतं. स्वस्तात आणि खास तिथलं काय खावं?

उत्तर : दुपारी ‘स्तोलोवाया’ गाठा, म्हणजे ट्रे घेऊन रांगेत सरकायची खानावळ. आधी सॅलड, मग सूप, मग गरम, शेवटी पेय आणि गल्ला. ब्रेडचे पैसे तुकड्यावर लागतात. बाराच्या पुढे गर्दी, तीननंतर भांडी रिकामी, साडेबारा ही योग्य वेळ. सोमवार ते शुक्रवार बाराच्या सुमारास चांगली उपाहारगृहंही ‘बिझनेस लंच’ देतात : सूप, सॅलड, मुख्य पदार्थ एका ठरलेल्या दरात. संध्याकाळी त्याच टेबलावर दुप्पट बिल होतं. एक इशारा : मासे, मटण आणि काही सॅलडांचा दर फलकावर 100 ग्रॅमचा असतो. ताटात 400 ग्रॅम येतं आणि वाद होतो. आधी वजन विचारा.

एप्रिलअखेर ते मे हा कोर्युश्काचा हंगाम. अंडी घालायला नेवात येणारा हा बोटभर मासा, ताजा असेल तर त्याला चक्क काकडीचा वास येतो. वास नसेल तर घेऊ नका. पिठात घोळून अख्खा तळतात, काट्यासकट खातात. इतर महिन्यांत मिळतो तो गोठवलेला, त्यावर पैसे घालवू नका.

गोडात पीश्की : तळलेल्या कड्या, वर पिठीसाखर. बोल्शाया कोन्युशेन्नाया रस्त्यावरचं 25 क्रमांकाचं दुकान 1958पासूनचं आहे. पीश्का गरमच खायची, सोबत कंडेन्स्ड दुधाची कॉफी, हात पुसायला कागदाचे कपटे. थंड झाली की रबर होते, घरी नेण्याचा मोह टाळा. काळे कपडे घालून जाऊ नका. बीफ स्ट्रोगनॉफ ज्या घराण्याच्या नावाने ओळखतात त्यांचा गुलाबी वाडा नेव्हस्की आणि मोइका मिळतात तिथे आहे. 1871च्या छापील कृतीत त्यात मोहरी आणि आंबट साय आहे, कांदा-मशरूम नाहीत. हल्ली सगळीकडे मशरूम घालतात, तेही वाईट लागत नाही.

प्रश्न : संस्कृतच्या अभ्यासात ‘पीटर्सबर्ग कोश’ हे नाव येतं. त्याचं शहरात काही पाहता येतं का?

उत्तर : ओटो ब्योटलिंक आणि रुडॉल्फ रोट यांचा संस्कृत-जर्मन महाकोश 1855 ते 1875 या काळात सात खंडांत इथल्या शाही विज्ञान अकादमीने छापला. ब्योटलिंक यांचा जन्मही याच शहरातला. कोशाचं वेगळं दालन नाही, पण अकादमीची खांबांची जुनी इमारत वासिल्येव्स्की बेटाच्या काठावर आहे आणि शेजारीच कुन्स्टकामेरा हे मानववंशशास्त्राचं संग्रहालय, त्यात भारताचं दालन आहे. तिथे सोमवारी जाऊ नका. तसंच काठाने पुढे गेलात तर इजिप्तहून आणलेले आमेनहोतेप तिसऱ्याचे दोन स्फिंक्स दिसतील. 1834 पासून ते नेवाचा बर्फ पाहत बसले आहेत.

प्रश्न : लेनिनग्राडच्या वेढ्याशी संबंधित काय पाहावं?

उत्तर : लेनिनग्राड हे या शहराचं तेव्हाचं नाव. जर्मन सैन्याचा वेढा 8 सप्टेंबर 1941 ते 27 जानेवारी 1944, असा 872 दिवस होता. त्या पहिल्या हिवाळ्यात कामगार नसलेल्यांचा दिवसाचा ब्रेड 125 ग्रॅमवर आला होता. पिस्कार्योव्स्कोये स्मशानात सुमारे पाच लाख लोक सामुदायिक कबरींत आहेत. दगडांवर नावं नाहीत, वर्ष आहे. प्लोश्चद् मुझेस्त्वा मेट्रोहून बस मिळते. दोन तास ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. नेव्हस्की 14 वर निळी पाटी आहे : तोफांच्या माऱ्यात रस्त्याची ही बाजू अधिक धोक्याची. सेंट आयझॅकच्या चौकात वाविलोव यांच्या नावाची वनस्पतीसंस्था आहे. वेढ्यात तिथले शास्त्रज्ञ तांदूळ आणि शेंगदाण्याच्या बियाण्यांचा संग्रह राखत भुकेने गेले, पण दाणा खाल्ला नाही. आत प्रवेश नसतो, बाहेरून पाहा.

प्रश्न : डिसेंबरमध्येच सुट्टी आहे. जावं का?

उत्तर : संग्रहालयं आणि बॅले यांसाठी जा, फिरण्यासाठी नको. सूर्य दहाच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. कारंजी बंद, पूल जागेवर. हर्मिटेज मोकळं. मारिन्स्की या बॅलेच्या नाट्यगृहाची जुनी इमारत आणि 2013ची नवी या शेजारशेजारच्या दोन वेगळ्या इमारती आहेत, तिकिटावर कोणती ते पाहा. बूट रबरी तळाचे हवेत. फुटपाथवर दोरी बांधलेली दिसली तर ती ओलांडून भिंतीकडे जाऊ नका, वरून बर्फाचे सुळे पडतात.

प्रश्न : नळाचं पाणी पिता येतं का?

उत्तर : उकळून घ्या. हॉटेलच्या खोलीत किटली बहुधा असतेच.